मुका बार

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या मळ्यात विहीर पाडायचं काम चालू होतं. मी नऊ वर्षांचा. चाळीस फुटांखाली काळा कातळ लागला आणि टिकाव, पहार सगळं हात टेकून बसलं, तेव्हा आबांनी शेजारच्या गावातून नानाला बोलावलं. नाना म्हणजे सुरुंगवाला. आमच्या नात्यातला नव्हे, पण सगळं शिवार त्याला नानाच म्हणायचं. दिवसभर पोरं घणानं भोकं पाडायची, लांब दांड्याच्या पळीनं आतला भुगा काढायची. दिवस कलला की नाना एकटा खाली उतरायचा, कांड्या भरायचा, वाती लावायचा. वर बोरी-बाभळीच्या फांद्या टाकलेल्या असत, दगड उडू नयेत म्हणून. मग तो वर यायचा आणि ओरडायचा, "बार हाऽऽय!" आम्ही पळत सुटायचो आणि लिंबाखाली कानात बोटं घालून उभे राहायचो.

नाना कानात बोटं घालत नसे. तो मोजायचा. एक, दोन, तीन. दर आवाजाला एक बोट मिटायचा. सात वाती पेटवल्या तर सात बोटं मिटली पाहिजेत.

एका संध्याकाळी सहाच मिटली.

"एक मुका गेला," नाना म्हणाला, आणि बांधावर बसून राहिला. आबा म्हणाले, दोन झाले असतील एकदम, आवाजात आवाज मिसळला असेल. नाना नुसता मान हलवत राहिला. त्या रात्री कुणालाच विहिरीत उतरू दिलं नाही. सकाळी एकटा खाली गेला. मुका बार उकरायचा नसतो; त्याच्या शेजारी, अंतर राखून, दुसरं भोक पाडायचं आणि त्याच्याबरोबर पहिल्यालाही उडवायचं. दुपारी तो उडाला. आवाज केवढा झाला ते मला आठवत नाही. मिटलेलं सातवं बोट आठवतं.

हे सगळं मला पुन्हा आठवलं ते बेल्जियममध्ये, एका तळ्याच्या काठावर.

झालं असं, की मुलगी तिकडे शिकायला. आम्ही दोघं महिनाभर तिच्याकडे. चॉकलेटं आणि चर्च बघून झाल्यावर मी म्हटलं, मला ईपरला जायचंय, पहिल्या महायुद्धाची रणभूमी बघायला. तिला वाटलं, बाबांना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर काहीतरी पाठवलेलं दिसतंय. तसं नव्हतं. बँकेच्या नोकरीत माझी पाच वर्षं खडकीत गेली. बॉम्बे सॅपर्स म्हणजे लष्करी इंजिनिअरांची पलटण, तिच्या फाटकावरून रोजचं जाणं-येणं. 'सॅपर्स अँड मायनर्स' या जुन्या नावातल्या 'मायनर्स'चा अर्थ कुणालाच सांगता येत नव्हता. खाणवाले? लष्करात खाणवाले कशाला? मग वाचत गेलो. मायनर म्हणजे सुरुंगवाला. म्हणजे आमचा नाना.

आपल्याला हा शब्द परका वाटायचं खरं तर कारण नाही. शायिस्ताखानानं चाकणचा संग्रामदुर्ग वेढला, फिरंगोजी नरसाळ्यानं पन्नासाहून जास्त दिवस तो झुंजवला, आणि ऑगस्ट १६६० मध्ये मोगलांनी बुरुजाखाली भुयार खणून, त्यात दारू भरून बुरूज आभाळात उडवला. चौथीच्या इतिहासात हे एका वाक्यात येऊन जातं. ते भुयार कुणी खणलं, किती दिवस खणलं, खणताना वरच्या बुरुजावरच्या मावळ्यांच्या पावलांचा आवाज त्यांना ऐकू येत होता का, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मीही नाही.

अडीचशे वर्षांनी तोच प्रकार फ्रान्समध्ये झाला, आणि झाला तो आपल्याच माणसांवर. २० डिसेंबर १९१४. जिवाँशी गावाजवळ लाहोर डिव्हिजनची सरहिंद ब्रिगेड खंदकांत होती. शीख, गुरखे आणि त्यांच्याबरोबरची गोरी पलटण. जर्मनांनी त्यांच्या खंदकांखाली दहा लहान सुरुंग नेऊन पुरले होते. सकाळी ते एकापाठोपाठ उडाले आणि मागून जर्मन पायदळ आलं. पंजाबातून, नेपाळातून नुकतीच तिथे पोचलेली ती माणसं. थंडीनं आधीच गारठलेली. जमीनच उलटेल याची तयारी कुणी करून ठेवलेली नसते.

त्या दहा सुरुंगांनी ब्रिटिश सरसेनापतींना जाग आली. आपल्याकडे भुयार खणणारी फौजच नाही, हे कळलं. नावापुरते का होईना सुरुंगवाले म्हणवणारे होते ते हिंदी सैन्यातले सॅपर्स अँड मायनर्स, आणि त्यांची अवस्था काय होती? खडकीहून गेलेल्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्यांना २८ ऑक्टोबर १९१४ ला नव्ह शापेलच्या गल्ल्यांत सरळ बंदुका देऊन हल्ल्याला पाठवलं होतं. इंजिनिअरांना पायदळ म्हणून वापरलं. एका दिवसात दोन्ही कंपन्यांचे सगळे गोरे अधिकारी मेले किंवा जखमी झाले, जवानांचीही तशीच कत्तल झाली. हत्यार ज्या कामाचं, त्या कामाला वापरायचं नाही, ही सरकारी खोड जुनीच.

मग भरती सुरू झाली ती थेट गटारांतून. जॉन नॉर्टन-ग्रिफिथ्स नावाचा एक खासदार-ठेकेदार होता. मँचेस्टरला त्याचे लोक शहराखालून सांडपाण्याचे बोगदे नेत होते. तिथली माती चिकण, आणि ती खणायची त्यांची पद्धत अजब होती. लाकडी फुलीवर माणूस पाठ टेकून उताणा बसतो, पाय समोरच्या मातीकडे. अरुंद फावडं दोन्ही टाचांनी मातीत रुतवायचं आणि ढेकूळ सोडवायचं. घाव नाही, आवाज नाही. दुसरा माणूस ते ढेकूळ पोत्यात भरतो, तिसरा पोतं छोट्या गाड्यावर ओढून नेतो. टिकाव मारणाऱ्या जर्मनांपेक्षा हे लोक दिवसाला कितीतरी पट पुढे जात आणि मुख्य म्हणजे गुपचूप जात. सांगतात, की युद्धमंत्री किचनेरच्या दालनात या ठेकेदारानं शेकोटीतलं कोळशाचं फावडं उचललं, जमिनीवर बसकण मारली आणि लाथा झाडून दाखवल्या. फेब्रुवारी १९१५ मध्ये मँचेस्टरच्या गटारात काम करणारी माणसं चार-पाच दिवसांत फ्रान्सच्या मातीत काम करत होती. कवायत नाही, सलाम कसा ठोकायचा तेही माहीत नाही. त्यातले काही साठीला टेकलेले होते म्हणतात. पगार मात्र दिवसाला सहा शिलिंग. वर खंदकात गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या साध्या शिपायाला एक शिलिंग मिळायचा. त्या दोघांत काय प्रेम असेल ते समजून घ्या.

मी मात्र गेलो होतो ऑलिव्हर वुडवर्डच्या मागावर. तो ऑस्ट्रेलियन. १८८५ चा जन्म, खाणशाळेत शिकलेला, क्वीन्सलँडच्या माउंट मॉर्गन खाणीत आणि पापुआत काम केलेला. म्हणजे माणूस जमिनीखालचाच. सिडनी विद्यापीठातले भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक एजवर्थ डेव्हिड यांच्या पुढाकारानं तिथे एक खाणकाम-पलटण उभी राहिली, त्यात हा लेफ्टनंट म्हणून दाखल झाला. फेब्रुवारी १९१६ मध्ये पलटण सिडनीहून निघाली, आणि फ्रीमॅन्टल बंदरात जहाज पाण्याखालच्या खडकाला लागलं. सगळे खडक फोडणारे, आणि खडकानं महिनाभर अडवलेले. मे महिन्यात ते फ्रान्सला पोचले.

या डेव्हिडसाहेबांची एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. वय अठ्ठावन्न. शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आलेला माणूस. कुठे चिकणमाती, कुठे पाणी, किती खोल गेलं तर बोगदा कोरडा राहील, हे सांगायला तो आघाडीभर विहिरी तपासत हिंडायचा. १९१६ च्या शरदात त्याला अशाच एका विहिरीत सोडत असताना वरचा रहाट मोडला. सत्तर-ऐंशी फूट खाली आदळला. बरगड्या मोडल्या, आतून इजा झाली. लंडनला इस्पितळात पडला, आणि बरा होऊन परत कामावर! हे वाचलं तेव्हा मला आमच्या विहिरीवरची यारी आठवली. तिचा दोर आबा रोज सकाळी वीत-वीत हातानं चाचपायचे. प्राध्यापकाला असा आबा मिळाला नाही.

आता हिल सिक्स्टी. नाव ऐकून मी डोंगर बघायला गेलो होतो आणि तिथे निघालं टेंगूळ. समुद्रसपाटीपासून साठ मीटर म्हणून ते नाव. ते टेंगूळही निसर्गाचं नाही. १८५० च्या दशकात रेल्वेसाठी खोदाई केली तेव्हा बाजूला टाकलेल्या मातीचा तो ढीग. आपल्याकडे विहिरीच्या कडेला डबराचा असतो तसा. पण त्या सपाट मुलखात तेवढ्या ढिगावरून अख्खं ईपर शहर दिसतं, आणि तेवढ्यासाठी तिथे माणसं ढिगानं मेली.

वुडवर्डची कंपनी तिथे नोव्हेंबर १९१६ मध्ये आली, आणि आल्यावर कळलं की बार भरून तयार आहेत. बोगदे आधीच्या ब्रिटिश आणि कॅनेडियन लोकांनी खणले होते. हिल सिक्स्टीखाली ५३,००० पौंडांवर स्फोटकं, आणि रेल्वेच्या पलीकडच्या 'कॅटरपिलर' नावाच्या ढिगाखाली ७०,००० पौंड. आपल्या हिशेबात चोवीस टन आणि बत्तीस टन. जमिनीखाली नव्वद-शंभर फुटांवर. हे सगळं दुसऱ्यानं भरून ठेवलेलं. ऑस्ट्रेलियनांचं काम एवढंच, की उडवायचा दिवस येईपर्यंत ते कोरडं ठेवायचं, जिवंत ठेवायचं, आणि जर्मनांना कळू द्यायचं नाही.

सात महिने.

लढाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं यात काही नाही. पाणी उपसत राहणं. लाकडी आधार कुजले तर बदलणं. निळसर चिकणमाती पोत्यांत भरून रात्री वर नेणं आणि लपवणं, कारण वरची माती पिवळट आणि ही निळी. शत्रूच्या विमानातून एक निळा ढीग दिसला तर सगळं संपलं. आणि ऐकणं. ऐकणाराचं वेगळं काम असे. जिओफोन नावाचं यंत्र, म्हणजे दोन लाकडी डब्या, आत पारा, आणि डॉक्टरच्या नळीसारख्या नळ्या कानात. दोन डब्या जमिनीवर ठेवायच्या आणि हळूहळू सरकवायच्या. दोन्ही कानांत आवाज सारखा आला की त्या रेषेत शत्रू खणतोय. मेणबत्तीच्या उजेडात, तासन्‌तास, श्वास धरून. आवाज येतोय तोवर ठीक. खणायचा आवाज बंद झाला की घाबरायचं, कारण खणणं थांबतं तेव्हा भरणं सुरू झालेलं असतं.

पिंजऱ्यातले कॅनरी पक्षी असत, उंदीर असत. विषारी वायू आला की ते आधी कोसळत. स्फोटानंतर बोगद्यात साठणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसाला नुसता झोपवतो.

शेवटच्या आठवड्यांत जर्मनांचं एक भुयार फार जवळ आलं होतं. लहान बार उडवून ते बुजवता आलं असतं, पण त्यानं आपलाच मोठा बार हलायचा, तारा तुटायच्या, आणि इथे काहीतरी आहे हे ओरडून सांगितल्यासारखं व्हायचं. म्हणून हिशेब केला, की त्यांचा खणायचा वेग अमुक, अंतर तमुक, ते वेळेत पोचणार नाहीत. आणि गप्प बसले. शत्रू आपल्या दिशेनं हात-हात पुढे येतोय हे कानानं ऐकत गप्प बसणं! गोळी झाडायला याच्या निम्मंही धाडस लागत नसावं. २५ एप्रिल १९१७ ला जमिनीखालच्याच ऑस्ट्रेलियनांच्या खोलीत स्फोटाच्या साहित्याची तपासणी करताना घात झाला आणि त्यांची दहा माणसं एका क्षणात गेली. शत्रूचा त्यात हात नव्हता. नाना म्हणायचा, दारूला मालक नसतो.

७ जून १९१७. पहाटे ३ वाजून १० मिनिटं. मेसीनच्या टेकडीवर एकोणीस सुरुंग, सगळे मिळून साडेचारशे टनांच्या आसपास. त्यातले दोन वुडवर्डच्या हातात. आधीच्या दिवसांत त्यानं तारा किती वेळा तपासल्या याला गणती नाही. सात महिने राखलेला बार मुका गेला तर? एक जनरल घड्याळ धरून सेकंद मोजत उभा, आणि यानं कळ दाबली.

आवाज लंडनपर्यंत गेला म्हणतात. वर जे जर्मन होते त्यांच्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. त्यांतले कितीतरी सापडलेच नाहीत. बाव्हेरियाचा, वुर्टेम्बर्गचा कुणी शेतकऱ्याचा पोर, पहाटेच्या पहाऱ्यावर उभा, पायाखाली शंभर फुटांवर चोवीस टन. वुडवर्ड तीस पुरा होऊन गेलेला, खाणशाळेचा पदवीधर, सज्जन माणूस. पुढे काय वाटलं असेल त्याला? मला त्याचा चेहरा समोर आणता येतो तो फक्त कळ दाबायच्या आधीचा.

पुढची सव्वा-दीड वर्षं मी भराभर वाचली, खरं सांगायचं तर. १९१८ मध्ये युद्ध हलू लागलं, सुरुंगांची लढाई संपली, आणि हे लोक रस्ते, पूल आणि जर्मनांनी मागे ठेवलेले सापळे निकामी करण्याच्या कामाला लागले. पण एक रात्र राहून गेली मनात. ४ नोव्हेंबर १९१८ ला फ्रान्समध्ये साँब्र-वाझ कालव्याच्या एका जलद्वारावर रणगाड्यांसाठी पूल टाकायचा होता. आदल्या रात्री एका कॉर्पोरलनं आपल्या वस्तू वुडवर्डच्या हाती दिल्या, बायकोला पाठवा म्हणाला. वुडवर्डनं समजूत घातली. दुसऱ्या दिवशी पूल झाला, वुडवर्डला मिलिटरी क्रॉस या शौर्यपदकाची आणखी एक पट्टी मिळाली, आणि तो कॉर्पोरल अन् दोन सॅपर मेले. युद्ध संपायला सात दिवस होते.

युद्ध संपलं तरी सुरुंगवाल्यांना घरी कोण सोडतो? बेल्जियमभर जर्मनांनी घड्याळ लावलेले सुरुंग रेल्वेखाली, घरांखाली ठेवलेले. ते शोधून काढायला माणूस तोच लागतो ज्याला ते पुरता येतात. वुडवर्ड १९१९ मध्ये ऑस्ट्रेलियाला परतला, गणवेश उतरवला, आणि गेला कुठे? खाणीत. माउंट मॉर्गन, मग पोर्ट पिरीचा शिसं गाळायचा कारखाना, मग ब्रोकन हिलला मोठ्या खाणीचा व्यवस्थापक. १९६६ मध्ये वारला. शेतकरी, कारकून, मास्तर असलेला सैनिक घरी आल्यावर वेगळ्या कामाला लागतो, बंदूक मागे राहते. याला तेच भुयार, तोच दारूचा वास, तीच वात. चार वर्षांची नोकरी नेमकी कुठे संपली आणि आयुष्य कुठून सुरू झालं, हे त्याला तरी सांगता आलं असेल का?

मी उभा होतो तो कॅटरपिलरच्या काठावर. ते बत्तीस टन जिथे उडाले तिथे आता गोल तळं आहे. वर झाडं वाकलेली, पाण्यावर पानं, एक बाई कुत्रा फिरवत होती. रेल्वेच्या पलीकडे हिल सिक्स्टीवर जमीन अजून उंच-सखल आहे आणि तिच्याखाली दोन्ही बाजूंची माणसं आहेत. रस्त्याजवळ ऑस्ट्रेलियन सुरुंगवाल्यांचं दगडी स्मारक आहे. त्यावर गोळ्यांच्या खुणा दिसतात, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या. मुलीनं विचारलं, "बाबा, सगळे उडाले का?"

उडवलेले एकोणीस. पुरलेले त्याहून जास्त होते. काही वापरायची गरज पडली नाही, काही शत्रूला सापडले, काहींपर्यंतचे बोगदे ढासळले. लोक घरी गेले, खंदक बुजले, शेतं झाली. १९५५ च्या उन्हाळ्यात एका वादळी दिवशी वीज पडली आणि त्यातला एक अडतीस वर्षांनी उडाला. एक गाय मेली. बाकीचे खालीच आहेत, वरती बटाटे लागतात.

हे मी तिला सांगितलं आणि सांगताना लक्षात आलं, की माझ्या डाव्या हाताची बोटं मिटलेली आहेत.

नाना शेवटी पार बहिरा झाला होता. गावाजवळ महामार्गाचं काम आलं तेव्हा टेकडी फोडायला रोज दुपारी सुरुंग लागायचे. मी सुट्टीत गेलो होतो, त्याच्या अंगणात बसलो होतो. तो ओट्यावर, उजवा तळहात जमिनीला टेकवून. ऐकू काही येत नव्हतं, पण हाताला कळत होतं. दर धक्क्याला डाव्या हाताचं एक बोट मिटत होतं. शेवटचा धक्का बसला, धूळ उठली, कामगार परत फिरले.

नानानं माझ्याकडं बघितलं. "किती लावलं हुतं रं?"

मला काय माहीत. मी खांदे उडवले.

"मग इचारून ये की," तो म्हणाला, आणि हात जमिनीवरून काढलाच नाही.